अटी कुणी पाळायच्या?

मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्रात उत्तम गुणांनी पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे, प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि अखेर त्यांना आत घेण्यात आलं, पण अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि त्यांच्या असण्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

कमलाबाईंनी तिन्ही अटी पाळल्या. वर्षभराने त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन परतल्या, आणि कमला सोहोनी या नावाने महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. दुर्गा भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. त्या अटींचा अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयात त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

तिसरी अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुरुषांचं लक्ष उडालं तर जबाबदारी बाईची, हा तिचा अर्थ. वर्तनाचा नियम होता, तो लिहून-बोलून स्पष्ट केलेला होता, फक्त तो खोलीतल्या एकाच माणसासाठी होता. आज भौतिकशास्त्राच्या एखाद्या चांगल्या परिषदेला नाव नोंदवताना अर्जावर आचारसंहिता असते. ती मान्य केल्याची खूण केल्याशिवाय नोंदणी पुरी होत नाही, आणि ती खूण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापासून उद्घाटनाच्या वक्त्यापर्यंत प्रत्येकाला करावी लागते. या दोन टोकांमधली वाट काही संस्थांनी चालून दाखवली आहे. ती सरळ नव्हती आणि अजून संपलेलीही नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन दशकांनी भारतीय विज्ञानाला स्वतःच्या व्यावसायिक संघटनांची गरज भासू लागली. १९७० मध्ये इंडियन फिजिक्स असोसिएशन स्थापन झाली. तिचं कार्यालय मुंबईत. १९७२ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. आणि १९७३ मध्ये मुंबईत काही वैज्ञानिक स्त्रियांनी एकत्र येऊन इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. तीन-चार वर्षांत तीन संघटना. पहिल्या दोघींनी परिषदा भरवल्या, नियतकालिकं काढली, व्याख्यानमाला चालवल्या. तिसरीने व्याख्यानं तर ठेवलीच, पण वाशीला आपली वास्तू बांधून तिथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. बाईला विज्ञान करायचं असेल तर रात्री कुठे झोपायचं आणि तान्हं मूल कुणाकडे ठेवायचं, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत, हे त्या बायकांना न सांगता कळत होतं. मोठ्या संघटनांना ते कळायला पुढची चाळीस वर्षं लागली.

परिषद म्हणजे नेमकं काय असतं, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. वरून पाहिलं तर तीन-चार दिवसांची व्याख्यानं. खरा व्यवहार मात्र व्याख्यानांच्या मधल्या वेळात होतो. चहाच्या रांगेत ओळखी होतात. भिंतीवर आपला पोस्टर लावून विद्यार्थिनी दोन तास उभी असते आणि ज्याचे शोधनिबंध वाचून ती मोठी झाली तो प्राध्यापक समोर येऊन थांबतो. पुढची पोस्ट-डॉक, शिफारसपत्र, निबंधाचा परीक्षक, नोकरीच्या मुलाखतीतला तज्ज्ञ, हे सगळे लोक त्या एका सभागृहात हिंडत असतात. विषय जितका लहान तितकी ही माणसं मोजकी, आणि तीच ती पुन्हा पुन्हा भेटणारी. त्यात मुक्काम परक्या गावात. खर्च वाचवायला अनोळखी मुलींना दोघी-तिघींत एक खोली. संध्याकाळचं जेवण गावाबाहेरच्या रिसॉर्टवर, परतीची बस आयोजकांच्या मर्जीने. सत्ता, परावलंबन आणि अनौपचारिक मोकळीक तिथे एकत्र नांदतात. कॉलेजात काही झालं तर मुलीला घर असतं, मैत्रिणी असतात, तक्रारीची खिडकी माहीत असते. परिषदेत यातलं काहीच जवळ नसतं. तीन दिवसांनी सगळे आपापल्या गावी जातात आणि घडलेल्या गोष्टीला पत्ता उरत नाही.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो वेगळ्याच रस्त्याने. राजस्थानात बालविवाह रोखण्याचं सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. त्यात कामाची जागा म्हणजे नुसतं कार्यालय नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने पुरवलेलं वाहनही त्यात येतं. म्हणजे परिषदेचं सभागृह आलं, अतिथिगृह आलं आणि ती रात्रीची बसही आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. विद्यार्थी म्हणून जिथे जिथे जावं लागतं, म्हणजे शैक्षणिक सहली, क्षेत्रभेटी, शिबिरं, इंटर्नशिप, ती प्रत्येक जागा त्यांनी परिसराच्या व्याख्येत आणली. काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हेही त्यांत स्वच्छ लिहिलेलं आहे. हे नियम मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा वाटतं, की ते लिहिणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचं जगणं जवळून पाहिलेलं असणार.

वैज्ञानिकांची बाजू याच काळात हलू लागली होती. भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, आययूपॅपने, १९९९ मध्ये स्त्रियांविषयीचा कार्यगट नेमला आणि २००२ मध्ये पॅरिसला स्त्री-भौतिकशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतात इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने २००३ मध्ये या प्रश्नासाठी समिती केली. पुढे तिचं नेतृत्व केलं रोहिणी गोडबोले यांनी. पुण्याच्या हुजूरपागेतली ही मुलगी एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, अमेरिका असा प्रवास करून कणभौतिकीत जगन्मान्य झाली. २००८ मध्ये त्यांनी राम रामस्वामींबरोबर ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. शंभराच्या आसपास भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्या त्यात आहेत. २०१० मध्ये अॅकॅडमी आणि बंगळूरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीज (एनआयएएस) यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया विज्ञानातून गळतात त्याचं कारण घर-संसार, असं जे सरसकट सांगितलं जातं, ते त्या अभ्यासात टिकलं नाही. संस्था कशा वागतात, संधी कशा देतात, हे प्रश्न पुढे आले. गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात वारल्या. भारतीय परिषदांमधल्या वातावरणात आज जो फरक दिसतो त्यात त्यांच्या चिवट पत्रव्यवहाराचा, बैठकांचा आणि तोंडावर बोलण्याचा वाटा फार मोठा आहे.

२०१५ साली अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वार्षिक बैठक पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरएमध्ये भरली होती. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण चालवणारी ही संस्था. शेजारीच जयंत नारळीकरांनी उभारलेली आयुका. खगोलशास्त्राचं हे मराठी मुलखातलं माहेर. त्याच वर्षी सोसायटीने लिंगसमतेसाठी स्वतंत्र कार्यगट नेमला. भारतातल्या व्यावसायिक वैज्ञानिक संघटनांमधला हा पहिलाच. वार्षिक बैठकीत या विषयाला स्वतःचं सत्र मिळालं. ब्लॅकहोल आणि सौरडागांच्या चर्चेला आलेली मंडळी त्याच सभागृहात बसून आपल्या व्यवसायाचा आरसा पाहू लागली. काहींना ते रुचलं नाही. विज्ञानाच्या बैठकीत समाजशास्त्र कशाला, हा प्रश्न तेव्हा विचारला जाई. आजही विचारला जातो.

ते सालही साधं नव्हतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्रहांचा शोध घेणारे अमेरिकेतले नामांकित खगोलशास्त्रज्ञ जेफ मार्सी यांना बर्कली विद्यापीठातून पायउतार व्हावं लागलं. विद्यार्थिनींशी वर्षानुवर्षं केलेल्या गैरवर्तनाची चौकशी बाहेर आली होती. अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं छळविरोधी धोरण २००८ पासून कागदावर होतं. तरुण स्त्री-खगोलशास्त्रज्ञांना नुसता कागद पुरला नाही. जानेवारी २०१५ च्या सिअॅटलमधल्या बैठकीत त्यांनी ‘अॅस्ट्रॉनॉमी अलाइज’ नावाचं स्वयंसेवकांचं पथक उभं केलं. ओळखू येईल असा बिल्ला लावलेले हे लोक परिषदेत हिंडत. कुणी कोंडीत सापडलेलं दिसलं तर सहज जाऊन गप्पांत सामील होत आणि रात्री कुणाला एकटीने हॉटेलवर जायचं नसेल तर सोबत चालत जात. मला ही कल्पना फार आवडते. तिला समिती लागत नाही, निधी लागत नाही, लागतात ती चार जागी माणसं. २०१७ मध्ये अमेरिकन जिओफिजिकल युनियनने लैंगिक छळाला वैज्ञानिक गैरवर्तन ठरवलं. खोटी निरीक्षणं छापणं आणि विद्यार्थिनीला छळणं एकाच पायरीवर आलं.

त्याच २०१७ मध्ये इंडियन फिजिक्स असोसिएशनने आपला ‘जेंडर इन फिजिक्स’ कार्यगट स्थापन केला. त्याच्या संस्थापक अध्यक्ष प्रज्वल शास्त्री. त्या आयआयटी मुंबईत शिकल्या, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्समध्ये त्यांनी संशोधन केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये या गटाने हैदराबाद विद्यापीठात ‘प्रेसिंग फॉर प्रोग्रेस’ ही परिषद भरवली. भौतिकशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ तिथे एकाच मंचावर आले. त्या मंथनातून जो मसुदा तयार झाला तो हैदराबाद चार्टर म्हणून ओळखला जातो. त्याचा पाया सरळ आहे. भौतिकशास्त्रात स्त्रिया कमी आहेत याचं कारण त्यांची कुवत किंवा आवड नाही, व्यवसायाच्या आतला भेदभाव आहे, म्हणून दुरुस्ती व्यवसायाने करायची. कमलाबाईंच्या तिसऱ्या अटीला इतकं थेट उत्तर एखाद्या भारतीय वैज्ञानिक संघटनेकडून यायला ८६ वर्षं लागली. २०२३ च्या जुलैमध्ये स्त्री-भौतिकशास्त्रज्ञांच्या आठव्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं यजमानपद भारताकडे आलं आणि ती ऑनलाइन पार पडली.

आचारसंहितेत प्रत्यक्षात काय असतं? आययूपॅपच्या धोरणाचा गाभा असा, की सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला मोकळेपणी विचार मांडता आले पाहिजेत, भेदभाव, छळ आणि सूड यांपासून तो सुरक्षित असला पाहिजे, आणि त्यासाठी आयोजकांनी एक सल्लागार नेमून त्याचं नाव सांगितलं पाहिजे. ‘सूड’ हा शब्द धोरणात आहे हे मला मोलाचं वाटतं. छळाची तक्रार करणाऱ्या मुलीला भीती छळाची उरलेली नसते. तो प्रसंग होऊन गेलेला असतो. भीती असते ती पुढच्या शिफारसपत्राची. चांगल्या संहितांमध्ये बाकीचंही उघड लिहिलेलं असतं. व्याख्यानाच्या स्लाइडवर बाईच्या शरीरावरचा विनोद चालणार नाही. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. नकार मिळाल्यावर पुन्हा निरोप पाठवायचे नाहीत. जात, धर्म, भाषा, अपंगत्व यांवरून टोमणे मारायचे नाहीत. प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारायचा, समोरच्या विद्यार्थ्याला सोलून काढायचं नाही. नियम मोडला तर समज देण्यापासून बिल्ला काढून घेऊन परत पाठवण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत.

मजकूर लिहिणं त्यातलं सोपं काम. अवघड असतं ते संपर्काच्या माणसांची निवड. आयोजन समितीचे अध्यक्षच तक्रार ऐकणार असतील तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते त्यांचे जुने स्नेही असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून किमान दोघं-तिघं हवेत. त्यांत एक तरी विद्यार्थी-वयाचा, एक तरी यजमान संस्थेबाहेरचा. त्यांचे चेहरे पहिल्या सत्राच्या आधी पडद्यावर दिसले पाहिजेत आणि त्यांचा फोन रात्री अकरालाही उचलला गेला पाहिजे. ऐकणाऱ्याने आधी विचारायचं, तुला काय व्हायला हवं आहे? कुणाला नुसती खोली बदलून हवी असते. कुणाला परतीच्या बसमध्ये तो माणूस नको असतो. कुणाला लेखी तक्रार करायची असते. आयोजकांनी न्यायालय होऊ नये. तात्काळ सुरक्षितता द्यावी आणि कायद्याची वाट दाखवावी.

कायद्याच्या वाटेवर मोठा खड्डा होता. मुलगी पुण्याच्या संस्थेची, प्राध्यापक कोलकात्याचा, परिषद तिसऱ्याच गावी. कायद्याने चौकशी करायची ती कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीने, पण ती कुणाची? यजमान म्हणे, तो आमचा कर्मचारी नाही. मुलीची संस्था म्हणे, त्याच्यावर आमचा अधिकार नाही. मग तिने ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच संस्थेचं दार ठोठावायचं, तेही तीन महिन्यांच्या मुदतीत. कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिने मिळू शकतात, पण ते समितीच्या हाती. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या दोन वेगवेगळ्या खात्यांतल्या प्रकरणात स्पष्ट केलं, की पीडित स्त्रीच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची समितीही दुसऱ्या संस्थेतल्या माणसाविरुद्धची तक्रार चौकशीला घेऊ शकते, आणि त्या माणसाच्या संस्थेने तिला सहकार्य केलं पाहिजे. परिषदांसाठी या निकालाचं महत्त्व फार आहे. आयोजकांनी तो आपल्या संहितेत दोन ओळींत तरी लिहायला हवा.

हे सगळं मी आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सुप्याच्या संदर्भात लिहितो आहे, कारण विज्ञान सभागृहातच घडतं असं नाही. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. धरणाच्या भिंतीखाली गणेशगुडी. भोवती अणशी-दांडेलीचं जंगल, ज्याला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. धनेश, बेडूक, ऑर्किड, कुणब्यांची कंदमुळं, यांच्या अभ्यासाला इथे दूरदूरच्या विद्यापीठांतून मुलं-मुली येतात. कार्यशाळा आणि छोटी चर्चासत्रंही निसर्ग शिबिरांत आणि होमस्टेंमध्ये भरतात. मोबाइलची रेंज वळणावळणाला जाते. पावसाळ्यात रस्ता दिवसभर बंद पडू शकतो. अंधार पडल्यावर मुलगी तंबूतून उठून चालत कुठे जाणार? जीपची किल्ली, वनखात्याचा परवाना आणि रेंज येणारा एकुलता फोन, तिन्ही एकाच माणसाच्या खिशात असतात, आणि बहुतेक वेळा तो तिचा मार्गदर्शक असतो.

२०१४ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात क्षेत्रकाम करणाऱ्या ६६६ संशोधकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६४ टक्के लोकांनी लैंगिक शेरेबाजीचा अनुभव सांगितला, २० टक्क्यांहून अधिक लोकांनी प्रत्यक्ष शारीरिक अतिप्रसंगाचा. बळी पडलेले बहुसंख्य विद्यार्थी किंवा नवखे संशोधक होते, आणि वर्तनाचे नियम आपल्याला सांगितले गेले होते असं म्हणणारे थोडे. पाहणी भारतातली नाही, तरी जंगलातल्या कुठल्याही तळावर तिची आठवण ठेवावी.

वाघ-अस्वल, जळवा, साप, काळीचा प्रवाह यांबद्दल शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी सविस्तर सांगितलं जातं. तसंच पाच मिनिटं माणसांच्या वागण्याबद्दलही सांगायला हवं. किल्ली आणि फोन दोघांकडे असावेत, त्यांतली एक स्त्री. झोपायच्या जागा घरून निघण्यापूर्वी ठरलेल्या असाव्यात. आणि ज्या होमस्टेत दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती नसते, हे आयोजकांना माहीत असावं. अशा ठिकाणी २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि प्रत्येक तालुक्यात तक्रार घेऊन सात दिवसांत तिच्याकडे पोचवणारा नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आमच्या जिल्ह्याचं ठाणं कारवारला, अणशी घाटाच्या पलीकडे. जंगलात अडकलेल्या मुलीला तिथवर जायला लागू नये म्हणूनच तालुक्याची ही तरतूद. पुढचं शिबिर ठरवणाऱ्यांनी वनखात्याकडून परवाना घेताना जोयड्याच्या तहसील कचेरीतून त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर घ्यावा, आणि बस सुटण्यापूर्वी तो मराठी, कोंकणी, कन्नड आणि इंग्रजीत प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर छापलेला असावा.